ब्लॉगचं नाव आणि आईचं अक्षर

फेब्रुवारी सरत आला की आमच्या कॉलनीतला कडुनिंब आधी पिवळा पडतो आणि मग आठ-दहा दिवसांत सगळाच्या सगळा अंगणात उतरतो. सकाळी झाडलेलं अंगण दुपारी पुन्हा भरलेलं. पहाटे गोधडी लागते, अकरा वाजता पंखा. रसवंतीची घुंगरं वाजायला लागतात, झेरॉक्सच्या दुकानांपुढं पोरं उभी राहतात, वर्षाच्या गव्हाची पोती घरोघरी येऊन पडतात आणि समोरच्या गच्चीवर कुणाची तरी पोरगी वही छातीशी धरून येरझाऱ्या घालत काहीबाही पुटपुटत असते. ही परीक्षेची हवा. मी शाळेत मराठी शिकवते. वीस-एकवीस वर्षं ही हवा माझ्या अंगवळणी पडलेली आहे. पण यंदा ती पहिल्यांदा जाणवली तेव्हा मी झाडू हातात धरून तशीच उभी राहिले. यंदा आमच्या घरात कुणाचीच परीक्षा नाही. तरी पोटात खड्डा पडला.

तो मागच्या वर्षीचा खड्डा. अजून बुजलेला नाही.

मागच्या वर्षी माझी मुलगी ईशा दहावीला होती. घरात दहावी असली की घर आवाज गिळून बसतं. टीव्हीवर कापड पडतं, कुकरची शिट्टीसुद्धा अपराध्यासारखी वाजते. ती आतल्या खोलीत वाचत बसायची आणि मी बाहेर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी. तिनं हाक मारली तर जवळ असावं म्हणून. नुसतं बसून करायचं काय, म्हणून मी फोनवर घरातलंच काहीतरी लिहायला लागले. नवरा, विलास, ओला टॉवेल कधीच दोरीवर का टाकत नाही. मेथीची जुडी निवडताना माणूस कुठं कुठं जाऊन येतो. एक दिवस ईशानं ते वाचलं, हसली आणि म्हणाली, ‘‘आई, तू ब्लॉग काढ. घरातल्याच गोष्टी लिही, लोक वाचतात असलं. पण नाव नीट शोध. नावाला काहीतरी अर्थ पाहिजे. ‘माझं घर’ वगैरे ठेवलंस तर कुणी उघडणार नाही.’’

झालं. दहावीच्या घरात दुसरी परीक्षा सुरू झाली. मी फ्रिजच्या दारावर एक कागद लावला, शेजारी दोऱ्यानं पेन्सिल बांधली. ज्याला सुचेल त्यानं नाव लिहायचं. मी पहिलं लिहिलं ‘ओसरी’. जेवताना ईशा म्हणाली, ‘‘आपल्या घराला ओसरी कुठंय? पार्किंग आहे.’’ ते खोडलं. मग ‘दिवेलागण’. विलास म्हणाला, दिवेलागणीला तू घरात असतेस कधी, शिकवणीच्या पोरांत असतेस. तेही खोडलं. ‘उंबऱ्याच्या आत’ मला फार आवडलं होतं, पण दोन दिवसांनी ते मलाच कोंडल्यासारखं वाटायला लागलं. ईशानं इंग्रजी धर्तीचं काहीतरी लिहिलं. विलासनं त्याच्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘घरातल्या गंमती’. शीर्षकाचा एवढा विचार मी बी.एड.च्या प्रबंधासाठीसुद्धा केला नव्हता.

आई तेव्हा आमच्याकडं नुकतीच राहायला आलेली. अण्णा, माझे वडील, आदल्या दिवाळीच्या थोडं आधी गेले. चितेगावच्या घरात ती एकटी नको म्हणून मी तिला शहरात घेऊन आले. ईशानं तिला विचारलं, ‘‘आजी, तू सांग ना एखादं नाव.’’

‘‘माझं काय बाई,’’ आई म्हणाली, ‘‘मी पडले अडाणी.’’

आई अडाणी आहे, हे आमच्या घरातलं पहिलं सत्य होतं. अण्णा चौथी शिकलेले. शेतातून आले, हातपाय धुतले की पेपर घेऊन बसायचे आणि मोठ्यानं वाचायचे. प्रत्येक शब्दाखाली बोट, जोडाक्षर आलं की खाकरणं. चुलीपुढं बसून आई ऐकायची. मी चौथीत होते तेव्हा तिला शिकवायचं मनावर घेतलं होतं. पाटीवर अ काढून द्यायचे, ती गिरवायची. दोन महिने खपले, पण तिच्या अ-चं शेपूट नेहमी उलट्या बाजूला जायचं. मी चिडून रडले. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, ‘‘माझ्या डोक्यातच शिरत नाय, माय.’’ मी शिक्षिका झाले ती त्या उलट्या शेपटामुळं. नवा वर्ग आला की ही गोष्ट मी पोरांना सांगते. सांगायचे. अण्णा गेल्यावर बँकेत तिचा अंगठा लागला, तेव्हा तिचा हात धरून शाईच्या डबीत मीच टेकवला होता. माझे डोळे भरून आले होते. ती मात्र खिडकीबाहेर बघत होती.

तर एका सकाळी मी दूध काढायला फ्रिज उघडला आणि कागदाकडं लक्ष गेलं. विलासच्या ‘गंमती’मधलं टिंब कुणीतरी एका बारीक रेषेनं खोडलं होतं. आता ते ‘घरातल्या गमती’ झालं होतं. गंमत लिहिताना टिंब, गमती लिहिताना टिंब जातं. किंमत आणि किमतीचं तसंच. शिक्षकांच्या खोलीतले निम्मे लोकही हे चुकतात. मी ईशाला विचारलं. ती म्हणाली, ‘‘टिंबाचे मार्क जातात का?’’ म्हणजे ती नव्हे. विलासनं तर त्या कागदाकडं पुन्हा बघितलंही नव्हतं. मग मीच केव्हातरी चाळा म्हणून खोडलं असेल, असं मी ठरवून टाकलं. घरात आम्ही चौघं. चौथ्या माणसाला विचारावं हे माझ्या मनालासुद्धा शिवलं नाही.

भूमितीच्या पेपराच्या दिवशी ईशाला घेऊन मी केंद्रावर गेले. क्रांती चौकाच्या पलीकडं तिचं केंद्र होतं. रोज मी तिथंच, बाकीच्या आयांबरोबर झाडाखाली दोन-तीन तास बसायचे. त्या दिवशी फोन घरीच राहिला. ईशा आत गेल्यावर मी स्कूटी काढली आणि फोन घ्यायला परत आले. दार नुसतं लोटलेलं होतं. मी चपला काढून आत आले.

आई फ्रिजपुढं उभी होती. डोळ्यांवर अण्णांचा चष्मा होता. तो मी माझ्या कपाटात, रुमालात गुंडाळून ठेवला होता. हातात पेन्सिल. ओठ हलत होते. बोट एका नावावर थांबत होतं, मग पुढच्या. ‘उंबऱ्याच्या आत’पाशी ती जराशी थबकली आणि मान हलवून पुढं गेली. जसं कुणीही वाचतं, तसं ती वाचत होती.

मी हाक मारली नाही. नकळत मी टेबलाच्या खुर्चीला धरलं. खुर्ची फरशीवर करकरली. ती वळली. मग तिनं सावकाश चष्मा काढला, पदरानं पुसला, पेन्सिल सोडून दिली. पेन्सिल दोऱ्यावर हेलकावे खात राहिली.

‘‘पेपरला गेली का पोरगी?’’ तिनं विचारलं.

‘‘आई, तू वाचत होतीस.’’

‘‘चहा टाकते,’’ ती म्हणाली.

मी फोन न घेताच परत केंद्रावर गेले. त्या झाडाखाली शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. मी काय सांगणार होते? माझ्या आईला वाचता येतं, म्हणून मला गरगरतंय? ऐकणाऱ्याला वाटलं असतं, ही केवढी आनंदाची गोष्ट. मला मात्र कुणीतरी कानशिलात मारल्यासारखं झालं होतं. डोळ्यांपुढं ते उलटं शेपूट येत होतं. दोन महिने, रोज संध्याकाळी, एवढा मन लावून चुकीचा अ काढायला माणसाला अ किती नीट यावा लागतो.

दुसऱ्या दिवशी पेपर नव्हता. गच्चीवर गव्हाला ऊन द्यायचं होतं. आई चादरीवर गहू पसरून निवडायला बसली आणि मी समोर. तिनं मान वर केली नाही. गव्हातले खडे वेचता वेचता बोलत गेली.

‘‘बिडकीनच्या शाळेत होते मी. दहावीपर्यंत. तुझ्या आज्यानं घातलं, मास्तर म्हणले म्हणून. बोर्डाचे तीन पेपर दिले.’’

‘‘आणि मग?’’

‘‘मग तुझ्या अण्णांकडचे लोक आले बघायला. मामानं जमवलं होतं. तिकडची सासू म्हणली, पोरगं चौथी पास हाय, शिकलेली पोरगी डोक्यावर बसंल. मामा म्हणला, छे, सही बी येत नाय तिला. जमलं. उरलेले पेपर तसेच टाकून लगीन लावून मोकळे. आईनं जाताना कानात सांगितलं, आता अक्षर इसर.’’

‘‘आणि तू विसरलीस असं दाखवलंस. चाळीस वर्षं.’’

‘‘पहिल्या वर्षी सासूसाठी. मग सासू गेली. तवा म्हणलं सांगावं. पण तवर तुझे अण्णा रोज वाचून दाखवायला लागले होते.’’ तिनं एक खडा उचलून कठड्याकडं टाकला. ‘‘दिवसभर कुणी त्यांचं ऐकायचं नाय, ना भाऊ ना गावातलं कुणी. तेवढा पेपर वाचताना कसे ताठ बसायचे. मी काय म्हणू, आणा इकडं, मी वाचते?’’

अण्णा शब्द चुकीचे वाचायचे, वाक्यं अर्धी सोडायचे. तिचं सगळं आधीच वाचून झालेलं असायचं, कारण अण्णा शेतात गेल्यावर पेपर तिच्याच हाताशी पडलेला असे. पेपर ज्या दिवशी यायचा नाही तेव्हा किराणाच्या पुड्या होत्या. डाळीची, साखरेची, चहापत्तीची, हरेक पुडी वर्तमानपत्राच्या नाहीतर मासिकाच्या फाटक्या पानाची. ‘‘गोष्ट असायची कधी,’’ आई म्हणाली. ‘‘वर सुरुवात नाय, खाली शेवट नाय. मधलंच. कुणीतरी बाई रुसून गाडीत बसलेली, पुडी तिथंच संपायची. मग मी भाकरी थापता थापता तिला घरी आणायची.’’ ती ते कागद फेकत नसे. पाण्याचा हात फिरवून सरळ करायची आणि डब्यांच्या फळीवर अंथरायची. दर महिन्याला फळीवरचे कागद बदलायची आणि बदलताना फळीपुढं किती तरी वेळ उभी राहायची. मी लहानपणी मैत्रिणींना सांगायचे, आमच्या आईला टापटिपीचा भारी सोस.

मी ऐकत होते आणि माझं बालपण एकेका वस्तूनं जागचं हलत होतं. ती फळी. तो पेपर. आणि मग एकदम मला ते पत्र आठवलं.

मी शहरात होस्टेलवर राहून शिकले. घरी फोन नव्हता. पत्रं अण्णांच्या नावानं जायची, कारण वाचणारे तेच. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी स्नेहसंमेलनाला पालकांना बोलावलं होतं. मला बक्षीस मिळणार होतं. मी अण्णांना लिहिलं होतं: आईला आणू नका. तिला काही वाचता येत नाही, इथं सगळ्यांच्या आया शिकलेल्या आहेत, मुली हसतात. तिला सांगू नका मी असं लिहिलं म्हणून. त्या कार्यक्रमाला अण्णा एकटेच आले. म्हणाले, तुझ्या आईला ताप आलाय.

‘‘आई,’’ मी विचारलं, ‘‘होस्टेलवरनं मी अण्णांना पत्रं लिहायचे...’’

‘‘व्हय.’’

‘‘ती सगळी...’’

‘‘व्हय,’’ ती पुन्हा म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ‘‘ते बी वाचलं. ते नको धरून बसू. एकोणीस वर्षांची होतीस तू.’’

मी मूठभर गहू घेऊन नुसते निवडत राहिले. आई म्हणाली, ‘‘तुझे अण्णा मला वाचून दाखवत होते ते पत्र. त्या ओळीपाशी आले, खाकरले, अन् पुढच्या ओळीवर गेले. म्हणले, पोरगी म्हणतीया, सगळे मजेत असाल. मला कळलं, काय तरी गाळलंय. तवा लई भूक लागली होती बघ, पण जेवण गेलं नाय. पत्र मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या सदऱ्याच्या खिशातनं काढून वाचलं. तू लिहिलंस त्याचं वाईट वाटलंच. पण ह्या माणसानं माझ्यासाठी एक ओळ गाळली, त्याचंच जास्त वाटत राह्यलं. वाटलं, आता तर कधीच सांगायचं नाय. सांगितलं तर त्याला कळंल, मी ती ओळ वाचली.’’

गहू तिनंच गोळा केले. मी जिना उतरून खाली आले आणि बाथरूममध्ये नळ सोडून बसले. त्या आठवड्यात मी आईशी नीट बोलले नाही. लाज होती, पण खरं सांगायचं तर रागही होता. मी तिच्या अंगठ्यावर माझं अख्खं आयुष्य उभं केलं होतं. रात्रीच्या प्रौढवर्गात बायकांचे हात धरून सह्या गिरवून घेतल्या, त्या तिच्या नावानं. आणि ती घरी चुलीपुढं बसून माझी पत्रं वाचत होती. विलासला सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘म्हणजे माझं टिंब त्यांनी खोडलं?’’ मला हसू आलं आणि हसता हसताच रडू फुटलं.

ईशाची परीक्षा संपली त्या रविवारी आईच म्हणाली, बिडकीनला जाऊ. तिला जुबेदाला भेटायचं होतं. वर्गात त्या दोघीच मुली. जुबेदाच्या वडिलांचं शिवणकामाचं दुकान बाजारपेठेत होतं, ते अजून आहे, पुतण्या चालवतो. पैठण रस्त्याला दोन्ही बाजूंनी गव्हाची काढणी चालली होती, हार्वेस्टरमुळं गाड्या तुंबल्या होत्या. आई सबंध वाटेत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

दुकानाच्या मागच्याच खोलीत जुबेदाखाला, म्हणजे जुबेदामावशी, राहतात. खाटेवर बसून शर्टाची काजं करत होत्या. आईनं दारात उभं राहून नुसतं नाव घेतलं. त्यांनी सुई कापडात खोचली, चष्म्यावरून बघितलं आणि जागच्या हलल्या नाहीत.

‘‘आज पहचानी तू मेरेकू,’’ त्या म्हणाल्या.

आई जाऊन त्यांच्याजवळ बसली. दोघींनी एकमेकींचा हात धरला. मग खाला माझ्याकडं वळल्या. ‘‘बेटा, तुझी आई भूमितीत लई हुशार. मला हिनंच शिकवली. हिंदीचा पेपर झाला, दुसऱ्या दिवशी ही आलीच नाय. मैं अख्खा पेपर इसके बाक कू देखते बैठी. दोन मार्कांनी पास झाले मी, नायतर तिथंच गेलं होतं सगळं.’’

‘‘नंतर भेट नाही झाली?’’ मी विचारलं.

खालांनी आईकडं बघितलं. आई खाली बघत होती. ‘‘झाली ना. इथंच, बाजारात. मी हाक मारली, कौसल्या म्हणून. सोबत हिचा नवरा, अन् हाताशी एक लहान पोरगी. ही बोली, बाई, तुमची चूक झाली. मैं समझ गयी. काय तरी असंल. मग मी कधीच हाक नाय मारली.’’

मला ती दुपार आठवली. काळ्या बुरख्यातली बाई, तिच्या हातातली बांगड्यांची पुडी. कोण होती, म्हणून मी विचारलं होतं आणि आई म्हणाली होती, कुणी नाय, चुकली बिचारी. ती लहान पोरगी मी होते. मी तिथंच दाराच्या चौकटीला टेकून बसले. आत त्या दोघी मास्तरांच्या नकला करून हसत होत्या.

घरी आल्यावर ईशानं सगळं खोदून खोदून विचारलं. तिला पत्राचं मी सांगितलं नाही. तेवढं धैर्य तेव्हा नव्हतं. पुड्यांचं सांगितलं. ती उठली, फ्रिजवरचा कागद काढला, चुरगळला आणि म्हणाली, ‘‘पुडीचा कागद. बास. हेच नाव.’’

‘‘असलं नाव असतंय व्हय?’’ आई म्हणाली. मग जरा थांबून, ‘‘पण अर्थ हाय त्याला.’’

तेवढ्यावर शिक्कामोर्तब झालं. एवढे दिवस मी अर्थ शब्दकोशात शोधत होते.

पहिला लेख अर्थातच अण्णांच्या संध्याकाळच्या पेपरवाचनावर लिहायचा ठरला. आईनं परवानगी दिली, अट एकच, आधी तिनं वाचायचा. मी दोन दिवस बसून लिहिला. मला तो बरा वाटत होता. शेवट मी असा केला होता, की आईनं आपलं गुपित इतक्या मायेनं सांभाळलं, अण्णांना शेवटपर्यंत काही कळलं नाही. कागदावर छापून आणून तिला दिला. माझी आई माझ्यासमोर खुर्चीत बसून, चष्मा लावून, माझं लिहिलेलं वाचत होती. मी टेबलाच्या कडेला नख लावून बसले होते.

तिनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

‘‘हे खोटं हाय,’’ ती म्हणाली.

‘‘कोणतं?’’

‘‘त्यांना कळलं नाय, हे.’’

मी ती ओळ पुन्हा वाचली.

‘‘जायच्या आधी चार-पाच दिवस. डोळ्याला नीट दिसत नव्हतं. तरी सांजच्याला पेपर मागितला. दिला. धरला थोडा वेळ तोंडापुढं. मग माझ्याकडं केला अन् म्हणले, आता तू वाच.’’

बाहेर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजत होता, तो वाजायचा थांबला.

‘‘काय म्हणालीस तू?’’

‘‘मी म्हणलं, मला कुठं येतं.’’ तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. ‘‘माझ्याकडं बघितलं त्यांनी. रागानं नाय. म्हणले, बरं. पेपराची घडी घातली, उशीखाली ठेवली. दुसऱ्यांदा नाय मागितला.’’

‘‘आई, त्यांना कधीपासून माहीत होतं?’’

‘‘तेच तर,’’ ती म्हणाली. ‘‘आता कुणाला इचारू?’’

मला लहानपणापासूनचं सगळं आठवायला लागलं, आणि एकही गोष्ट पूर्वीच्या जागी बसेना. माहीत होतं, तर मग ते रोजचं वाचणं कुणासाठी चाललं होतं? आणि आई मागून वाचणार हे ठाऊक होतं, तर माझ्या पत्रातली ओळ तरी का गाळली त्यांनी? आईनं लेखाचा कागद टेबलावर ठेवला. ‘‘एवढंच मागितलं होतं त्या माणसानं. एका पेपराचं पान. चाळीस वर्षं नाय म्हणायची सवय, जीभ वळलीच नाय.’’

अण्णा गेले तेव्हा ती रडली नव्हती. लोक म्हणाले होते, खंबीर बाई. त्या दुपारी ती माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या लेखावर डोकं टेकून रडली. मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला.

बऱ्याच वेळानं तिनं तोंड धुतलं. मी लॅपटॉप पुढं ओढला आणि लेख पुसून टाकला, सगळा. वर नाव तेवढं राहिलं.

‘‘पहिली ओळ तू सांग,’’ मी म्हणाले. ‘‘काय लिहू?’’

ती माझ्याशेजारी येऊन बसली. पडद्यावरचा तो रिकामा पांढरा भाग बघत राहिली. मग, खोलीत आणखी कुणी बसलेलं असावं आणि त्याला ऐकू जावं तशी, ती नीट, स्पष्ट म्हणाली, ‘‘लिही. व्हय, येतं मला वाचता.’’